नवी डिझायर, नवी अमेझ, ऑरा की टिगोर : पुण्यात छोटी सेडान पारखून घेण्याची रीत

छोटी सेडान घ्यायचं ठरलं की घरात पहिला वाद "मारुती की होंडा" हाच रंगतो. माझ्या मते तो वाद सगळ्यात शेवटी घालावा. या गटातल्या चारही गाड्या चार मीटरच्या आत बसवलेल्या आहेत, चारहींचं पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं आहे आणि किमती एकमेकींत घुसलेल्या आहेत. खरा फरक आहे तो गिअरबॉक्समध्ये, मागच्या सीटवर, डिकीत आणि कोणत्या मॉडेलला काय दिलंय यात. तेव्हा आधी इंधन ठरवा, मग गिअरबॉक्स, मग मागची सीट. एवढं झालं की चारातल्या दोन गाड्या आपोआप गळतात.

सुरू करण्याआधी एक खबरदारी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी तो २८ टक्के होता आणि वर सेस. त्यामुळे या तारखेआधीचा कुठलाही तुलनेचा व्हिडिओ बघाल तर त्यातल्या किमती सोडून द्या. नवी डिझायर बाजारात आली तेव्हा ६.७९ लाखांपासून होती, कपातीनंतर ती सव्वासहाच्या आसपास आली. अमेझ आठ लाखांवरून साडेसातच्या जवळ आली, ऑरा सहाच्या आसपास आणि टिगोर साडेपाचच्या आसपास सुरू होते. हे एक्स-शोरूमचे ढोबळ आकडे आहेत. कोटेशन हातात येईल तोच खरा.

पायरी १ : नवेपणा कुठे आहे ते शोधा

"ऑल न्यू" प्रत्येक शोरूमच्या काचेवर लिहिलेलं असतं. चौघींत खऱ्या अर्थाने नव्या पिढीच्या गाड्या दोनच. चौथ्या पिढीची मारुती डिझायर ११ नोव्हेंबर २०२४ ला आली आणि तिसऱ्या पिढीची होंडा अमेझ ४ डिसेंबर २०२४ ला. ह्युंदाई ऑरा २०२० ची आहे, २०२३ मध्ये तिचा चेहरा बदलला. टाटा टिगोर मूळची २०१७ ची, तिला २०२५ च्या जानेवारीत नवी मॉडेलं आणि आत थोडी नवी सजावट मिळाली. जुनी असणं हा दोष नाही. जुन्या गाडीचे आजार आणि इलाज दोन्ही मेकॅनिकला पाठ असतात. पण नव्या पिढीचे पैसे मोजून जुना सांगाडा घरी येऊ नये एवढंच.

नवीन आलं म्हणून सगळंच वाढलं असंही नाही. डिझायरच्या आधीच्या पिढीत चार सिलिंडरचं ९० पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप) इंजिन होतं. नव्या पिढीत तीन सिलिंडरचं झेड-मालिकेचं इंजिन आलं, ताकद सुमारे ८२ पीएस. एक सिलिंडर गेला, आठ पीएस गेले, त्या बदल्यात अ‍ॅव्हरेज वाढलं आणि गाडीचा सांगाडा भक्कम झाला. सौदा वाईट नाही, पण तो झाला आहे हे विक्रेता आपणहून सांगणार नाही. होंडाने उलट जुनंच चार सिलिंडरचं ९० पीएसचं इंजिन ठेवलं आणि भोवतीची गाडी बदलली. ऑरातही चार सिलिंडर आहेत, ८३ पीएस. टिगोर तीन सिलिंडरची, ८६ पीएस.

अमेझ बघायला गेलात तर कोटेशनवर पिढी कोणती ते तपासा. नवी आल्यावरही दुसऱ्या पिढीची अमेझ स्वस्तातला पर्याय म्हणून विकली जात होती, आणि फोनवर "अमेझ एवढ्याला पडेल" असं सांगताना कोणती ते कोणी बोलत नाही.

पायरी २ : इंधन, आणि कागदावरचं अ‍ॅव्हरेज

कोथरूडच्या ज्या टेकडीवर आपण संध्याकाळी वारा खायला जातो, तिला आपण एआरएआयची टेकडी म्हणतो. ती संस्था म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. गाडीच्या जाहिरातीतल्या अ‍ॅव्हरेजला देशभर "एआरएआयचं अ‍ॅव्हरेज" म्हणतात ते तिच्याच नावाने. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगांच्या आखणीनुसार पळवतात, एसी बंद असतो, कर्वे रोडचा सिग्नल नसतो. तो आकडा खोटा नाही, पण गाड्या एकमेकींशी ताडण्यापुरताच धरावा. तुमच्या पाकिटाचा हिशेब त्यावर मांडू नका.

ताडायला मात्र उत्तम. डिझायर पेट्रोल मॅन्युअल २४.७९ आणि एएमटी २५.७१ किलोमीटर प्रतिलिटर. अमेझ मॅन्युअल १८.६५ आणि सीव्हीटी १९.४६ (एएमटी आणि सीव्हीटी हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दोन प्रकार, पुढच्या पायरीत सांगतो). दोन्हींच्या ऑटोमॅटिकमधून सारखेच तीस टक्के वजा करा : डिझायर १८, अमेझ साडेतेरा. महिन्याला हजार किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं तर दोन्हींत महिन्याला सुमारे १,९०० रुपयांचा फरक पडतो. हिंजवडीला रोज स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला हा आकडा टोचेल. शनिवार-रविवारीच गाडी काढणाऱ्याने त्याकडे बघूसुद्धा नये.

सीएनजीचा हिशेब असा करा. शहरात पेट्रोलवर १६ आणि सीएनजीवर किलोला २५ किलोमीटर मिळतात असं समजा, गॅस ९२ रुपये किलो. हजार किलोमीटरला पेट्रोल ६,५०० चं, गॅस ३,६८० चा. महिन्याला वाचले २,८२०. सीएनजी मॉडेल साधारण नव्वद हजारांनी महाग असतं, पण महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स पडतो आणि सीएनजीला ८ टक्के. साडेसात लाखांची पेट्रोल आणि ८.४ लाखांची सीएनजी यांच्या टॅक्समध्येच पंधरा हजार परत येतात. उरलेले पंच्याहत्तर हजार सव्वादोन वर्षांत फिटतात. महिन्याला पाचशे किलोमीटरच होत असतील तर साडेचार वर्षं लागतात, आणि तोवर डिकी गमावलेली असते. महिन्याला आठशे किलोमीटरच्या खाली सीएनजीच्या नादी लागू नये, असं माझं मत.

शिवाय रांग. तुमच्या रोजच्या रस्त्यावरच्या एमएनजीएलच्या (पुण्यात सीएनजी पुरवणाऱ्या कंपनीच्या) पंपावर तुम्ही जाल त्याच वेळेला एकदा चक्कर मारून या. रिक्षांची रांग रस्त्यावर आलेली दिसली तर अर्धा तास दर तीन-चार दिवसांनी द्यायची तयारी आहे का ते घरी ठरवा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, तोही खर्च धरा. कंपनीची सीएनजी डिझायर, ऑरा आणि टिगोरमध्ये मिळते. अमेझला ती डीलरकडून बसवून मिळते. असं असेल तर वॉरंटी कशावर आणि कोणाची, ते लेखी घ्या.

पायरी ३ : गिअरबॉक्स, आणि टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर

पुण्यात छोटी सेडान घेणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा.

एएमटी म्हणजे आपला नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी यंत्र करतं. स्वस्त पडतो, अ‍ॅव्हरेज खात नाही, दुरुस्तीही आवाक्यातली. डिझायर, ऑरा आणि टिगोरमध्ये हाच आहे. टिगोरमध्ये तर तो सीएनजीसोबतही मिळतो. तोटा एकच, पण रोजचा : पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी क्षणभर श्वास रोखते आणि बसलेल्यांच्या माना पुढे जातात. सवयीने एक्सलरेटर किंचित सोडून हे कमी करता येतं. अमेझमधला सीव्हीटी वेगळाच. त्यात गिअरच नाहीत, दोन पुल्या आणि मधला पट्टा यांच्यावर वेग ठरतो. म्हणून झटका नाही, रांगत्या ट्रॅफिकमध्ये लोण्यासारखा चालतो. ओव्हरटेकला एकदम पाय दाबलात तर मात्र इंजिन आधी ओरडतं आणि गाडी नंतर पळते.

वाचून हे कळत नाही, चालवून कळतं. आणि टेस्ट ड्राइव्ह म्हणजे विक्रेत्याने ठरवलेली, शोरूमपासून पुढच्या यू-टर्नपर्यंतची सरळ रस्त्याची फेरी नव्हे. फोन करतानाच सांगा की चार माणसं येणार आहोत, एसी लावून चालवणार आहोत, आणि रस्ता आम्ही सांगू. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. कुरकुर केली तर दुसऱ्या डीलरकडे जा, पुण्यात त्यांची कमी नाही.

रस्ता निवडताना तीन गोष्टी त्यात असू द्या. पहिली, सकाळी दहाची किंवा संध्याकाळी सातची गर्दी : कर्वे रोड, सातारा रोड, विद्यापीठ चौक, जो तुमच्या नशिबी आहे तो. दुसरी, चढावर थांबून पुन्हा निघायची जागा. दक्षिणेकडच्यांना जुना कात्रज घाट किंवा कोंढव्यातून वर चढणारा बोपदेव घाट आहे, पश्चिमेकडच्यांना चांदणी चौकातले चढाचे रस्ते. तिसरी, तुमच्या स्वतःच्या सोसायटीचा गेट, स्पीडब्रेकर आणि पार्किंगचा उतार.

चढावर काय बघायचं ते नीट सांगतो, कारण एएमटी घेणारे नेमके इथे फसतात. चार माणसं बसलेली, एसी चालू, गाडी चढावर पूर्ण थांबवा. ब्रेकवरून पाय काढा आणि मनात एक-दोन मोजा. हिल होल्ड असेल तर गाडी तेवढा वेळ जागेवर राहते. डिझायरला तो सगळ्या मॉडेलांत आहे, बाकीच्यांत मॉडेल बघा. आता एक्सलरेटर हळू द्या. गाडी क्षणभर मागे सरकून मग निघते, की थेट उचलते? मागे तुमच्या बंपरला चिकटून एक स्कूटर उभी आहे अशी कल्पना करा, ती पुण्यात असतेच. हेच आणखी दोनदा करा. आता ब्रेक न लावता एक्सलरेटरच्या जोरावर गाडी चढावर रोखून धरायचा मोह होईल, तो टाळा. एएमटीत त्याने क्लच तापतो, आणि डॅशबोर्डवर इशारा आला तर विक्रेता "तसं सहसा होत नाही" म्हणेल. होतं. ट्रॅफिकमध्ये चढावर ब्रेकच धरायचा, ही सवय लागणार असेल तरच एएमटी घ्या.

मॅन्युअल घेणाऱ्यांसाठी परीक्षा सोपी : हाफ क्लचवर गाडी किती हलकी आहे ते गर्दीत अर्धा तास चालवून बघा. डावा गुडघा बोलायला लागला तर उत्तर मिळालं.

तीन सिलिंडरची थरथर उभ्या गाडीत कळते. एसी लावून न्यूट्रलमध्ये ठेवा, स्टिअरिंगवर आणि शेजारच्या दाराच्या कप्प्यावर हात ठेवा, आरशात बघा. नव्या डिझायरची थरथर जुन्या तीन सिलिंडरवाल्या गाड्यांइतकी नाही. तरी ऑरातून थेट तिच्यात बसलात तर फरक जाणवेल. ज्याला आधी चार सिलिंडरची सवय आहे त्याने दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवाव्यात.

सोसायटीच्या उतारावर गाडी खाली लागते का, हे रिकाम्या गाडीने बघण्यात अर्थ नाही. कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स डिझायरचा १६३ मिलिमीटर, अमेझचा १७२, टिगोरचा १७०. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं की हे आकडे खाली येतात, आणि पुण्यातले काही स्पीडब्रेकर कुठल्याही मापात बसत नाहीत. बेसमेंटचा उतार तीव्र असेल तर भरलेल्या गाडीने एकदा उतरून या. खर्र आवाज आला की तिथेच तुलना संपली.

पायरी ४ : मागची सीट आणि डिकी

सेडान आपण घेतो ती मागे बसणाऱ्यांसाठी आणि डिकीसाठी. नाहीतर त्याच पैशांत हॅचबॅक आहेच. तरी शोरूममध्ये सगळे पुढे बसून स्क्रीनवर बोटं फिरवतात.

रीत अशी : ड्रायव्हरची सीट तुमच्या चालवण्याच्या मापाने लावा, मग उतरून तिच्याच मागे बसा. गुडघ्यापुढे किती बोटं जागा उरली, मांड्यांखाली आधार आहे का, छप्पर डोक्याला किती जवळ आहे ते बघा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बसवा आणि बोलू नका. माझ्या सासूबाईंना आम्ही शोरूमच्या लखलखाटात मागे बसवलं. विक्रेत्याने दार धरलं, "आजी, पाय मोकळे होतायत ना?" त्या म्हणाल्या, "बसता येतंय रे, उठायचं कसं ते सांग." उठताना त्यांनी पुढच्या सीटच्या डोक्याचा आधार घेतला, कंबर वाकवली आणि छपराच्या कडेला पदरासकट डोकं घासलं. ती गाडी यादीतून तिथेच गेली. सीट जमिनीपासून किती उंच आहे आणि मागचं दार वरच्या बाजूला किती उघडतं, हे दोन आकडे माहितीपत्रकात नसतात, पण सत्तरीच्या माणसाला तेच लागतात.

तिघं मागे बसणार असतील तर रुंदी बघा. डिझायर १७३५ मिलिमीटर, अमेझ १७३३, ऑरा १६८०, टिगोर १६७७. पाच सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, मधल्या माणसाच्या खांद्याला विचारा. पेठेत घर असेल तर हीच रुंदी उलट मोजा : वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधून आरसे मिटून जाणाऱ्यांना अरुंद गाडी बरी पडते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, अमेझचा २४७० मिलिमीटर, बाकी तिघींचा २४५०. या पिढीत अमेझला मागचे एसी व्हेंटही आले. मागच्या सीटच्या बाबतीत माझा कौल अमेझला आहे, दुसरा डिझायरला.

डिकीचे लिटर : टिगोर ४१९, अमेझ ४१६, ऑरा ४०२, डिझायर ३८२. पण लिटर पाण्याचे, बॅगा चौकोनी. स्वतःची मोठी बॅग घेऊन जा, लाजू नका. डिकीचं तोंड किती रुंद आहे, कडा किती उंच आहे आणि झाकण बंद करताना बिजागरीचे वाकडे दांडे बॅगेवर येतात का, हे तीन मिनिटांत कळतं. गणपतीला ताम्हिणीतून कोकणात जाणाऱ्यांना या तीन मिनिटांचं मोल कळेल.

सीएनजीत चित्र उलटतं. डिझायर आणि ऑरात एक मोठा सिलिंडर डिकीत आडवा बसतो आणि मागे हातपिशव्यांपुरती जागा उरते. टाटाने टिगोरमध्ये दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाला शेजारी-शेजारी ठेवले आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली. त्यामुळे गॅस असूनही सुमारे २०५ लिटरची सपाट जागा मिळते. सीएनजी आणि सामान दोन्ही हवं असेल तर टिगोरला या गटात तोड नाही. मात्र पंक्चर झाल्यावर पोटाखालची स्टेपनी पावसात काढायची तयारी ठेवा.

पायरी ५ : सुरक्षिततेचे तारे

तारे मोजण्याआधी तारीख बघा. ग्लोबल एनकॅप ही गाड्या धडकवून त्यांना तारे देणारी संस्था, भारत एनकॅप ही तशीच आपल्या देशाची चाचणी. ग्लोबल एनकॅपने २०२२ च्या जुलैपासून चाचणीचे निकष कडक केले, बाजूची धडक आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) त्यात आले. टिगोरचे चार तारे २०२० चे, म्हणजे जुन्या निकषांचे. डिझायरचे पाच तारे नोव्हेंबर २०२४ चे, नव्या निकषांचे. हे चार आणि ते पाच एकाच फुटपट्टीवर मोजलेले नाहीत. पुढे भारत एनकॅपमध्येही डिझायरला पाच तारे मिळाले, आणि नव्या अमेझलाही प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच. ऑरा बघायला गेलात तर विक्रेत्याला भारत एनकॅपचा क्यूआर कोडचा स्टिकर दाखवायला सांगा. चाचणी झालेल्या गाड्यांसाठी तो असतो. विक्रेत्याने फोनवर दाखवलेला फोटो चालणार नाही.

डिझायर, अमेझ आणि ऑरात सगळ्या मॉडेलांना सहा एअरबॅग आहेत. टिगोर घेताना हा आकडा मुद्दाम विचारा. मागचे पार्किंग सेन्सर २०१९ पासून कायद्यानेच सक्तीचे आहेत, तेव्हा ते "फीचर" म्हणून कोणी सांगितलं तर फक्त मान डोलवा.

अमेझच्या झेडएक्स मॉडेलात कॅमेऱ्यावर चालणारी एडीएएस, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, आहे, या गटात पहिल्यांदा. एक्स्प्रेसवेवर ती उपयोगी आहे, पुढची गाडी एकदम थांबली तर आपला ब्रेक स्वतः लागतो. लेनचं सांभाळणं मात्र लेनच्या रेषा दिसल्या तर. लक्ष्मी रोडवर ती बंद ठेवाल याची मी खात्री देतो. तिच्यासाठी वरचं मॉडेल घ्यावं का? मुंबई-नाशिकच्या फेऱ्या वारंवार होत असतील तर घ्या.

पायरी ६ : मॉडेल, म्हणजे खरी निवड

इथे घाई करू नका, कारण दोन आवडत्या गोष्टी एका गाडीत मिळत नाहीत असं हमखास होतं. डिझायरचा सनरूफ आणि ३६० अंशाचा कॅमेरा फक्त सगळ्यात वरच्या झेडएक्सआय प्लसला आहेत. सीएनजी फक्त व्हीएक्सआय आणि झेडएक्सआयला, तीही मॅन्युअलच. म्हणजे मुलांना सनरूफ आणि बाबांना सीएनजी, हे एका डिझायरमध्ये जमत नाही. घरात हे आधीच सांगून टाका. अगदी खालच्या एलएक्सआयला ऑटोमॅटिक नाही आणि कंपनीची म्युझिक सिस्टिमही नाही.

अमेझचं गणित सोपं आहे, व्ही, व्हीएक्स, झेडएक्स अशी तीनच मॉडेलं आणि सीव्हीटी तिन्हींत. सगळ्यात खालच्या व्हीमध्ये सीव्हीटी मिळणं हीच तिची खरी ताकद, आणि जाहिरातीत तिच्याबद्दल अवाक्षर नाही.

माझा कौल विचाराल तर : रोज चाळीस-पन्नास किलोमीटर, बहुतेक एकटा माणूस, खर्चाची चिंता असेल तर डिझायर व्हीएक्सआय, गॅसच्या रांगेला हरकत नसेल तर त्यातलीच सीएनजी. महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर, सगळे गर्दीतले, मागे आईवडील, तर अमेझ व्ही किंवा व्हीएक्स सीव्हीटी. महिन्याला हजार-अकराशेचं पेट्रोल जास्त जाईल, गुडघे वाचतील. गुळगुळीत इंजिन हवं आणि बजेट ताणायचं नाही, तर ऑरा. गॅस आणि डिकी दोन्ही, किंवा गॅस आणि ऑटोमॅटिक दोन्ही, तर टिगोर. सनरूफसाठी गाडी घेणाऱ्यांना मी काही सांगत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्यांना कळेलच.

पायरी ७ : कोटेशन वाचणं

एकाच मॉडेलचं कोटेशन दोन डीलरांकडून घ्या, एक पुण्यातला आणि एक पिंपरी-चिंचवडचा. कागदावर ओळीने बघा. एक्स-शोरूम किंमत सगळीकडे सारखी हवी. रोड टॅक्स तुम्हाला काढता येतो : आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांनी ८८ हजार. गाडी कंपनीच्या नावावर घेतलीत तर हा टॅक्स जवळपास दुप्पट होतो, सीएला आधी विचारा. पासिंग, फास्टॅग आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट यांच्या रकमा छोट्या असतात. "हँडलिंग", "लॉजिस्टिक्स", "फॅसिलिटेशन" अशा नावांची ओळ दिसली की पेनाने गोल करा आणि हे सरकारी शुल्क आहे का एवढंच विचारा. ती ओळ बहुतेक वेळा पुढच्या प्रिंटमध्ये नसते.

विम्यात डीलरचा नफा मोठा असतो, आणि विमा त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते. थर्ड पार्टी तीन वर्षांची घ्यावीच लागते. १००० ते १५०० सीसीसाठी तिचा प्रीमियम १०,६४० रुपये आणि त्यावर जीएसटी, ठरलेला, त्यात घासाघीस नाही. घासाघीस होते ती स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि वरच्या कव्हरांत. त्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचं), त्याच कव्हरांचं कोटेशन बाहेरून काढून डीलरपुढे ठेवा. फरक दहा-पंधरा हजारांचा निघणं नवं नाही. झिरो डेप घ्या, म्हणजे दाव्यात सुट्या भागांची घसारा म्हणून कपात होत नाही. इंजिन प्रोटेक्टही घ्या, विशेषतः गाडी बेसमेंटमध्ये किंवा नदीकाठी उभी राहणार असेल तर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत नदीने गाड्यांचं काय केलं ते पुण्याला आठवतंय. पाणी शिरलेलं इंजिन चालू करायचा प्रयत्न केला तर साध्या पॉलिसीत तो दावा सहसा बसत नाही.

जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा भाव आणि एक्स्चेंज बोनस वेगवेगळे लिहून घ्या, नाहीतर एका हाताने दिलेला बोनस दुसऱ्या हाताने जुन्या गाडीच्या भावातून कापला जातो. बाहेरच्या दोन खरेदीदारांकडून आधी भाव काढा. अ‍ॅक्सेसरीजच्या किटला नाही म्हणायला शिका. मॅट आणि मडफ्लॅप घ्या, टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंग सोडा. वॉरंटी वाढवायची असेल तर ती गाडी घेतानाच स्वस्त पडते. होंडाची मूळ वॉरंटी तीन वर्षं, किलोमीटरची मर्यादा नाही, त्यामुळे जास्त पळवणाऱ्यांना तिथे फायदा आहे.

पायरी ८ : पीडीआय आणि डिलिव्हरी

दसरा-पाडव्याला डिलिव्हरी हवी असेल तर पीडीआय, म्हणजे गाडी ताब्यात घेण्याआधीची तपासणी, चार-पाच दिवस आधी, यार्डात, दिवसा उजेडी करा. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये वीस गाड्या हार घालून उभ्या असतात आणि तुमच्याकडे कोणाला बघायला वेळ नसतो. पासिंग होण्याआधी बघितलंत तरच गाडी बदलून मागता येते.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. आकड्यांत मोठी तफावत असेल तर कारण विचारा. गाडी बनल्याचा महिना फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरच्या विक्रीच्या दाखल्यावर असतो. डिसेंबरात सूट मिळते ती याचसाठी, जानेवारीत तीच गाडी मागच्या वर्षाची होते आणि विकताना खरेदीदार वर्ष बघतो. सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर डिसेंबरची सूट खुशाल घ्या.

रंग सावलीत बघू नका, गाडी उन्हात काढायला लावा आणि दारं, बॉनेट, छत यांच्याकडे तिरप्या नजरेने बघा. दोन भागांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बॉनेट आणि दारांचे बोल्ट बघा, पान्याने रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडलेत. काचांवरचे कोड एकाच वर्षाचे हवेत. मीटरवर पन्नास-साठ किलोमीटर चालतात, दोनशे दिसले तर ती टेस्ट ड्राइव्हची गाडी नाही ना ते विचारा. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या प्लेटवरची चाचणीची तारीख मोबाइलमध्ये टिपून घ्या. चासी नंबर काचेखालचा, बॉनेटखालचा आणि कागदावरचा एकच आहे याची खात्री करा. हे सगळं झाल्यावरच उरलेले पैसे भरा.

घेताना हातात येणाऱ्या गोष्टी तिथेच मोजा : दोन्ही किल्ल्या, जॅक आणि पाना, टॅक्स इन्व्हॉइस, फॉर्म २१ आणि २२, विम्याची पॉलिसी, वाढीव वॉरंटीची पावती, आरटीओत भरलेल्या टॅक्सची पावती. विम्यावरचा इंजिन नंबर आणि नावाचं स्पेलिंग आरसीसारखंच हवं, एका अक्षराची चूक पुढे दाव्याच्या वेळी डोकेदुखी होते. नंबर प्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, "प्लेट मागून येईल" म्हणाले तर डिलिव्हरीच पुढे ढकला. पेढ्यांचा पुडा फोडायचा तो यानंतर.